वय, ऑक्सिडीकरण ताण आणि शुक्राणूंची गुणवत्ता

पुरुषाचे वाढते वय आणि ऑक्सिडीकरण ताण यांमुळे शुक्राणूंची हालचाल, आकार आणि त्यांतील आनुवंशिक द्रव्य यांत क्रमाक्रमाने बदल होतात. स्त्रीची प्रजननक्षमता रजोनिवृत्तीबरोबर संपते. पुरुषात असा निश्चित टप्पा नसतो. शुक्राणूंची निर्मिती उतारवयातही चालू राहते. त्यामुळे अपत्यप्राप्तीशी पुरुषाच्या वयाचा संबंध नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या संशोधनाने हा समज अपुरा ठरवला आहे. वयाबरोबर शुक्राणूंची संख्या फारशी घटत नाही, पण त्यांची गुणवत्ता घटते. या घटीचा मोठा भाग शुक्राणूतील डीएनएमध्ये असतो, आणि वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही.

संज्ञा

ऑक्सिडीकरण ताण : पेशीत ऑक्सिजनपासून सतत काही अतिक्रियाशील रेणू तयार होत असतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलक हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी ज्यांच्यात जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असतो, त्यांना मुक्त मूलके म्हणतात. हे रेणू निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट असे म्हणतात. क्रियाशील रेणूंची निर्मिती अँटिऑक्सिडंटच्या क्षमतेपेक्षा अधिक झाली की पेशीतील मेद, प्रथिने आणि डीएनए यांची हानी होऊ लागते. या असमतोलास ऑक्सिडीकरण ताण ही संज्ञा आहे.

वंध्यत्व : जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १२ महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित व असंरक्षित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व होय. मराठीत पुरुषाच्या वंध्यत्वासाठी अनेकदा ‘नपुंसकत्व’ हा शब्द वापरला जातो. तो चुकीचा आहे. नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंधाची असमर्थता. वंध्य पुरुषाचे लैंगिक जीवन पूर्णपणे सामान्य असू शकते, तसेच वीर्याचे बाह्य स्वरूपही. शुक्राणू वीर्याचा अत्यल्प भाग व्यापतात, त्यामुळे वीर्य दाट आहे की पातळ यावरून शुक्राणूंविषयी काहीच सांगता येत नाही.

शुक्राणूंची निर्मिती

स्त्रीच्या अंडाशयातील सर्व अपक्व अंडपेशी तिच्या जन्माआधीच तयार झालेल्या असतात. पुरुषाचे तसे नाही. वृषणातील शुक्रजनन नलिकांमध्ये मूलपेशी असतात. पौगंडावस्थेपासून त्या विभाजित होत राहतात आणि त्यांपासून दररोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात. मूलपेशीपासून शुक्राणू घडण्यास सुमारे ६४ ते ७४ दिवस लागतात. त्यानंतर शुक्राणू अधिवृषण या लांब, वेटोळ्याच्या नलिकेतून जातो. या एक ते दोन आठवड्यांच्या प्रवासात त्याला पोहण्याची क्षमता प्राप्त होते. म्हणजे आज वीर्यात आढळणाऱ्या शुक्राणूंची घडण जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. आजारपण, तीव्र ताप किंवा व्यसनमुक्ती यांचा परिणाम वीर्यतपासणीत लगेच न दिसता साधारण तीन महिन्यांनी दिसतो, तो यामुळेच.

वृषणे शरीराबाहेर वृषणकोशात असतात. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या तापमानापेक्षा सुमारे २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान आवश्यक असते. सर्टोली पेशी वाढत्या शुक्राणूंचे पोषण करतात, तर लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात.

गुणवत्तेचे निकष

वीर्यतपासणीची जगभर वापरली जाणारी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा-पुस्तिकेत दिलेली आहे. या पुस्तिकेची पहिली आवृत्ती १९८० मध्ये, तर सहावी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सहाव्या आवृत्तीतील निम्नतम संदर्भमूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

वीर्याचे आकारमान : १.४ मिलिलिटर
शुक्राणूंची घनता : १ मिलिलिटर वीर्यात १.६ कोटी
शुक्राणूंची एकूण संख्या : ३.९ कोटी
एकूण हालचाल करणारे शुक्राणू : ४२ टक्के
पुढे सरकणारे शुक्राणू : ३० टक्के
जिवंत शुक्राणू : ५४ टक्के
सामान्य आकाराचे शुक्राणू : ४ टक्के

ही मूल्ये ज्यांच्या जोडीदारास १२ महिन्यांच्या आत गर्भधारणा झाली अशा पुरुषांच्या तपासणीवरून काढलेली आहेत. अशा १०० पुरुषांपैकी ५ जणांची मूल्ये याहूनही कमी असतात, असा त्यांचा अर्थ आहे. म्हणून या आकड्यांना प्रजननक्षम आणि वंध्य यांमधील सीमारेषा मानता येत नाही. याउलट सर्व मूल्ये या मर्यादेच्या वर असली तरी शुक्राणूतील डीएनए अखंड असल्याची हमी मिळत नाही.

शुक्राणूच्या रचनेतील दुर्बलता

ऑक्सिडीकरणापासून स्वतःचा बचाव करण्याच्या बाबतीत शुक्राणू ही मानवी शरीरातील अत्यंत असहाय पेशी आहे. याची कारणे तिच्या रचनेत आहेत.

पहिले कारण म्हणजे तिचे पटल. शुक्राणूच्या पटलात असंतृप्त मेदाम्लांचे, विशेषतः डोकोसाहेक्झेनॉइक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे पटल लवचीक राहते. शेपटीच्या हालचालीसाठी आणि अंडपेशीशी एकरूप होण्यासाठी ही लवचीकता आवश्यक असते. परंतु असंतृप्त मेदाम्लांतील दुहेरी बंधांजवळच मुक्त मूलकांची क्रिया सहज होते. एका रेणूचे ऑक्सिडीकरण झाले की त्यातून निर्माण होणारे मूलक शेजारच्या रेणूवर क्रिया करते आणि साखळी सुरू होते. उघड्यावर राहिलेले तेल खवट होते, तीच ही प्रक्रिया होय. तिच्यामुळे पटल ताठर होते आणि शुक्राणूची हालचाल मंदावते.

दुसरे कारण म्हणजे पेशीद्रव्याचा अभाव. इतर पेशींच्या पेशीद्रव्यात संरक्षक विकरांचा साठा असतो. हलके व निमुळते शरीर प्राप्त करताना शुक्राणू आपले बहुतेक पेशीद्रव्य टाकून देतो आणि त्याबरोबर हा साठाही गमावतो. ही उणीव काही अंशी वीर्यद्रव भरून काढतो. वीर्यद्रवात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. त्याशिवाय युरिक आम्ल, जस्त आणि सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरेही त्यात असतात. मात्र अधिवृषणात साठून राहिलेल्या शुक्राणूंना या द्रवाचे संरक्षण मिळालेले नसते. तो वीर्यस्खलनाच्या वेळीच त्यांत मिसळतो.

तिसरे कारण म्हणजे दुरुस्तीच्या व्यवस्थेचा अभाव. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए अत्यंत दाट बांधलेला असतो. सामान्य पेशीत डीएनए हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. शुक्राणूत बहुतांश हिस्टोनची जागा प्रोटामिन ही प्रथिने घेतात. या घट्ट बांधणीमुळे डीएनएला एक प्रकारचे कवच लाभते, पण त्याबरोबर जनुकांचे कार्यही थांबते. नवी प्रथिने तयार करून हानी भरून काढणे शुक्राणूला शक्य नसते. ऑक्सिडीकरणामुळे डीएनएतील ग्वानीन या घटकाचे ८-ऑक्सोग्वानीनमध्ये रूपांतर होते. हा बिघडलेला घटक कापून वेगळा करणारे ओजीजी-१ हे विकर शुक्राणूत असते. परंतु त्यापुढील पायरीसाठी लागणारे विकर नसते. दुरुस्ती पहिल्याच पायरीवर थांबते आणि डीएनएच्या धाग्यात रिकामी जागा राहते. उरलेले काम फलनानंतर अंडपेशीला करावे लागते.

ऑक्सिजनची दुहेरी भूमिका

क्रियाशील ऑक्सिजन रेणू सर्वथा अपायकारक असतात, असे नाही. स्त्रीच्या प्रजननमार्गात शिरलेला शुक्राणू लगेच फलन करू शकत नाही; त्याआधी त्याच्या पटलात काही रासायनिक बदल व्हावे लागतात. या पूर्वतयारीसाठी अल्प प्रमाणात सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची आवश्यकता असते, हे १९९० च्या दशकातील प्रयोगांनी स्पष्ट झाले. हे रेणू पूर्णपणे काढून टाकल्यास ही पूर्वतयारी होत नाही. अल्प प्रमाणात आवश्यक आणि अधिक प्रमाणात घातक, असे या रेणूंचे स्वरूप आहे. अँटिऑक्सिडंट औषधांच्या परिणामांचा विचार करताना हे ध्यानात घ्यावे लागते.

ताणाची उगमस्थाने

वीर्यातील क्रियाशील ऑक्सिजन रेणू मुख्यतः पुढील ठिकाणांहून येतात.

शुक्राणूंच्या तंतुकणिका : शुक्राणूच्या मध्यभागी तंतुकणिका असतात. त्या ऊर्जेची निर्मिती करतात. तंतुकणिकांच्या कार्यात बिघाड झाल्यास इलेक्ट्रॉनांची गळती होऊन सुपरऑक्साइड तयार होते.

अपक्व शुक्राणू : ज्या शुक्राणूंनी जादा पेशीद्रव्य पूर्णपणे टाकलेले नसते, ते अधिक प्रमाणात क्रियाशील रेणू निर्माण करतात.

पांढऱ्या पेशी : जंतुसंसर्ग किंवा दाह असल्यास वीर्यात पांढऱ्या रक्तपेशी वाढतात. जंतूंना मारण्यासाठी त्या क्रियाशील ऑक्सिजन रेणूंचाच वापर करतात. त्यांचा फटका शेजारच्या शुक्राणूंना बसतो.

व्हेरिकोसील : वृषणातील रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगण्याच्या विकारास व्हेरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये, तर वंध्यत्वासाठी तपासणीस येणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिकांमध्ये तो आढळतो. या विकारात वृषणाचे तापमान वाढते आणि ऑक्सिडीकरण ताणही वाढतो.

राहणीमान व परिसर : धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, मधुमेह, हवेचे प्रदूषण, काही कीटकनाशके आणि शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू यांमुळे ताण वाढतो. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना दीर्घकाळ उष्णता सोसावी लागते. तिचाही शुक्राणूंवर परिणाम होतो.

वाढत्या वयाचे परिणाम

वीर्याच्या गुणधर्मांवर होणारे परिणाम

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ३० वर्षांच्या पुरुषांची ५० वर्षांच्या पुरुषांशी तुलना करण्यात आली. त्यात वीर्याचे आकारमान ३ ते २२ टक्क्यांनी, शुक्राणूंची हालचाल ३ ते ३७ टक्क्यांनी आणि सामान्य आकाराच्या शुक्राणूंचे प्रमाण ४ ते १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शुक्राणूंच्या घनतेत मात्र वयानुसार ठळक घट दिसली नाही. २०१५ मधील ९० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातूनही हेच चित्र पुढे आले. अहवालात प्रथम घनतेकडे पाहण्याची सवय असल्यामुळे वयाचा परिणाम नजरेतून सुटण्याचा संभव असतो.

या बदलांमागे अनेक कारणे एकत्र काम करतात. शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांचे स्राव कमी होतात. सर्टोली व लायडिग पेशींची संख्या घटते आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी हळूहळू उतरते. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे आजार व त्यांवरील औषधे यांचाही भाग असतो. त्याच वेळी तंतुकणिकांची कार्यक्षमता कमी होऊन क्रियाशील रेणूंची निर्मिती वाढते. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांवरील प्रयोगांत वृद्ध उंदरांच्या शुक्राणूंमध्ये संरक्षक विकरांची क्षमता घटलेली आणि क्रियाशील रेणूंची निर्मिती वाढलेली आढळली आहे. हल्ला वाढणे आणि बचाव दुबळा होणे या दोन्ही गोष्टी वयाबरोबर एकाच वेळी घडतात.

डीएनएचे विखंडन

शुक्राणूतील डीएनएचे धागे तुटण्यास विखंडन म्हणतात. २००६ मध्ये अमेरिकेत २२ ते ८० वर्षे वयाच्या ९७ निरोगी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयाबरोबर विखंडनाचे प्रमाण स्पष्टपणे वाढत असल्याचे दिसले. गुणसूत्रांच्या संख्येतील दोषांचा मात्र पुरुषाच्या वयाशी तसा संबंध आढळला नाही. स्त्रीच्या बाबतीत स्थिती वेगळी असते. तिच्या वयाबरोबर गुणसूत्रसंख्येतील दोष वाढतात. डाउन सिंड्रोममधील जादा गुणसूत्र बहुतेक वेळा अंडपेशीकडून येते, ते यामुळेच.

विखंडन अधिक असल्यास नैसर्गिक गर्भधारणेस विलंब होण्याची आणि गर्भपाताची शक्यता वाढते. फलित अंडपेशी या हानीची काही प्रमाणात दुरुस्ती करते. तरुण स्त्रीच्या अंडपेशीत ही क्षमता अधिक असते, वयाबरोबर ती कमी होते. जोडप्यातील दोघांचेही वय वाढलेले असल्यास एकाकडून येणारी हानी अधिक आणि दुसऱ्याकडील दुरुस्ती कमी, अशी परिस्थिती निर्माण होते. म्हणून पुरुषाच्या वयाचा विचार स्त्रीच्या वयापासून वेगळा काढून करता येत नाही.

नवी उत्परिवर्तने

ऑक्सिडीकरणाखेरीज वयाचा आणखी एक परिणाम आनुवंशिक द्रव्यावर होतो. शुक्राणूंच्या मूलपेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभाजित होतात. २० वर्षांच्या पुरुषाच्या शुक्राणूमागे सुमारे १५० विभाजने असतात. ४० व्या वर्षी ती ६०० च्या पुढे जातात. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहते. अशा चुकांना नवी उत्परिवर्तने म्हणतात, कारण त्या आईवडिलांच्या शरीरातील इतर पेशींत नसतात.

२०१२ मध्ये आइसलँडमधील ७८ कुटुंबांतील आई, वडील व अपत्य यांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना करण्यात आली. वडिलांचे वय एका वर्षाने वाढले की अपत्यातील नवी उत्परिवर्तने सुमारे दोनने वाढतात, असे त्यात दिसले. २० वर्षांचा पिता सरासरी २५, तर ४० वर्षांचा पिता सरासरी ६५ नवी उत्परिवर्तने अपत्यास देतो. आईकडून येणारी उत्परिवर्तने सुमारे १५ होती. २०१७ मध्ये त्याच देशातील १,५४८ कुटुंबांच्या अभ्यासातून अधिक नेमके आकडे मिळाले. वडिलांच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे १.५१ आणि आईच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ०.३७ उत्परिवर्तनांची भर पडते.

यांपैकी बहुसंख्य उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात. काही थोडी जनुके मात्र याला अपवाद आहेत. एफजीएफआर-२ आणि एफजीएफआर-३ या जनुकांतील विशिष्ट बदलांमुळे संबंधित मूलपेशीची वाढ इतरांपेक्षा वेगाने होते. वयाबरोबर वृषणात अशा पेशींचे पुंजके पसरत जातात. एपर्ट सिंड्रोम आणि अखोंड्रोप्लासिया हा बुटकेपणाचा प्रकार वयस्क पित्यांच्या अपत्यांत तुलनेने अधिक आढळतो, त्याचे हे स्पष्टीकरण आहे.

संततीवरील परिणाम

वयस्क पित्यांच्या अपत्यांमध्ये छिन्नमनस्कता आणि स्वमग्नता यांचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे अनेक देशांतील लोकसंख्या-अभ्यासांत आढळले आहे. या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. वाढ सापेक्ष असते. मूळ धोकाच लहान असल्यामुळे ४५ किंवा ५० वर्षांच्या पित्याची बहुसंख्य अपत्ये निरोगीच जन्मतात. शिवाय उशिरा विवाह करणाऱ्या किंवा उशिरा पिता होणाऱ्या पुरुषांची सामाजिक व मानसिक वैशिष्ट्येही या संबंधास काही अंशी कारणीभूत असू शकतात.

वयाचे सर्वच परिणाम एका दिशेचे नसतात. गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर हे भाग शरीरातील बहुतेक पेशींत वयाबरोबर आखूड होतात. शुक्राणूंत मात्र वयाबरोबर त्यांची लांबी वाढते, आणि वयस्क पित्यांच्या अपत्यांतही ते तुलनेने लांब असतात.

संशोधनाचा इतिहास

डच संशोधक आंतोनी फान लेवेनहूक यांनी १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकातून शुक्राणूंचे निरीक्षण केले. वडिलांच्या वयाचा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. अखोंड्रोप्लासिया झालेली मुले बहुधा भावंडांत शेवटची असतात, हे जर्मन वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९१२ मध्ये नोंदवले. हा संबंध आईच्या नव्हे तर वडिलांच्या वयाशी असल्याचे ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ लायोनेल पेनरोझ यांनी १९५५ मध्ये दाखवले. त्याआधी १९४७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हिमोफिलियाच्या जनुकाच्या अभ्यासातून पुरुषांतील उत्परिवर्तनाचा दर स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचा निष्कर्ष काढला होता. हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले.

ऑक्सिडीकरणाच्या अभ्यासाची सुरुवात १९४३ मध्ये झाली. ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असल्यास मानवी शुक्राणूंची हालचाल लवकर थांबते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटालेज मिसळल्यास ती टिकते, हे अमेरिकी संशोधक जॉन मॅक्लिओड यांनी दाखवले. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याची मुक्त मूलक उपपत्ती मांडली. ती वार्धक्याचे संपूर्ण स्पष्टीकरण मानली जात नसली तरी पुढील संशोधनास तिने दिशा दिली. सदोष शुक्राणू स्वतःच क्रियाशील ऑक्सिजन रेणूंची अधिक निर्मिती करतात, हे १९८७ मध्ये जॉन एटकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले.

तपासणी

वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या तपासण्यांपैकी सर्वांत सोपी आहे. तिच्यासाठी भूल, शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन लागत नाही. नमुना देण्यापूर्वी वीर्यस्खलनात २ ते ७ दिवसांचे अंतर असावे लागते. एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांत मोठा फरक पडू शकतो, म्हणून अहवालात दोष आढळल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली जाते.

डीएनए विखंडन मोजण्याच्या एससीएसए, ट्यूनेल, कॉमेट इत्यादी चाचण्या उपलब्ध आहेत. एससीएसए पद्धतीत विखंडनाचा निर्देशांक ३० टक्क्यांहून अधिक असल्यास नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता बरीच कमी मानली जाते. या चाचण्या प्रत्येक पुरुषासाठी आवश्यक नसतात. वारंवार गर्भपात होणे, कृत्रिम गर्भधारणेचे प्रयत्न अयशस्वी ठरणे किंवा व्हेरिकोसील असणे अशा परिस्थितीत त्यांचा उपयोग होतो.

प्रतिबंध आणि उपचार

वय थांबवता येत नसले तरी ऑक्सिडीकरण ताणाची अनेक कारणे दूर करता येतात. धूम्रपान सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे, मधुमेहाचे नियंत्रण, संसर्गावर उपचार आणि वृषणांना अतिउष्णतेपासून जपणे या उपायांचा परिणाम साधारण तीन महिन्यांनी दिसू लागतो. तपासताना हाताला जाणवणारे व्हेरिकोसील आणि सदोष वीर्य-अहवाल अशी स्थिती असल्यास शस्त्रक्रियेने शुक्राणूंच्या गुणधर्मांत सुधारणा होते व डीएनए विखंडनही घटते.

जीवनसत्त्वे व खनिजांच्या गोळ्या हा सर्वाधिक विकला जाणारा, परंतु सर्वाधिक वादग्रस्त उपाय आहे. लहान अभ्यासांत अशा गोळ्यांचे चांगले परिणाम दिसले होते. मोठ्या व काटेकोर चाचण्यांतून त्यांना दुजोरा मिळाला नाही. २०२० मध्ये अमेरिकेतील २,३७० जोडप्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांना सहा महिने फॉलिक आम्ल व जस्त देऊनही जिवंत बालकांच्या जन्माचे प्रमाण वाढले नाही; डीएनए विखंडन तर गोळ्या घेणाऱ्यांमध्ये किंचित अधिक होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, १७१ पुरुषांवरील दुसऱ्या चाचणीत क व ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, जस्त, कार्निटिन व लायकोपीन यांचे मिश्रण देण्यात आले. त्यामुळेही शुक्राणूंचे गुणधर्म किंवा डीएनएची स्थिती सुधारली नाही. ज्याच्या शरीरात ताणच नाही त्याला अँटिऑक्सिडंट देऊन लाभ होत नाही. अतिरेक झाल्यास उलट, म्हणजे क्षपणाचा ताण निर्माण होऊ शकतो. फळे, पालेभाज्या, कडधान्ये, सुकामेवा आणि मासे यांचा समावेश असलेला समतोल आहार हा यापेक्षा सुरक्षित मार्ग समजला जातो.

उतारवयात शक्ती टिकवण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंना अपायकारक ठरतात. बाहेरून संप्रेरक मिळाल्यावर मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते. अपत्याची इच्छा असलेल्या पुरुषास म्हणून हे उपचार दिले जात नाहीत.

इक्सी या तंत्राने एकच शुक्राणू निवडून थेट अंडपेशीत सोडता येतो. त्यामुळे संख्या व हालचाल यांतील उणीव दूर होते. डीएनएतील हानी मात्र तशीच राहते. कर्करोगावरील उपचारांपूर्वी किंवा अपत्यप्राप्ती लांबणीवर टाकायची असल्यास शुक्राणू गोठवून ठेवता येतात. गोठवण्याच्या व वितळवण्याच्या प्रक्रियेत त्यांतील काही शुक्राणू नष्ट होतात.

भारतातील संदर्भ

भारतात साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ मध्ये पुरुषाच्या वयाची दखल घेण्यात आली आहे. या कायद्यानुसार साहाय्यक प्रजननाच्या सेवा घेणाऱ्या स्त्रीसाठी ५०, तर पुरुषासाठी ५५ वर्षे ही कमाल वयोमर्यादा आहे. शुक्राणूदात्याचे वय २१ ते ५५ वर्षे असावे लागते. मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत पुरुष वंध्यत्वाविषयीही संशोधन होते. ही संस्था भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आहे.

वीर्य साठवून ठेवल्याने ते बलवान होते, ही समजूत भारतात सर्वत्र आढळते. शुक्राणूंच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. दीर्घ संयमाने वीर्यातील शुक्राणूंची संख्या वाढते, पण अधिवृषणात साठून राहिलेल्या शुक्राणूंवर ऑक्सिडीकरणाचा मारा अधिक काळ होतो. त्यामुळे त्यांची हालचाल मंदावते आणि डीएनए विखंडन वाढते. विखंडन अधिक असलेल्या पुरुषांना डॉक्टर अनेकदा वीर्यस्खलनातील अंतर कमी करण्याचा सल्ला देतात.

अपत्य न होण्याचा दोष भारतीय समाजात परंपरेने स्त्रीवर ठेवला गेला. मराठीतील ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द स्त्रीलाच उद्देशून वापरले जातात. पुरुषासाठी तसा बोचरा शब्द रूढ नाही. प्रत्यक्षात वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. पतीची तपासणी न करताच पत्नीवर वर्षानुवर्षे उपचार चालू राहिल्यास तिला अनावश्यक त्रास होतो. या काळात दोघांचेही वय वाढते आणि पुढील उपचारांच्या यशाची शक्यता कमी होत जाते. म्हणून वंध्यत्वाच्या तपासणीचा आरंभ दोघांपासून एकाच वेळी करावा, अशी वैद्यकशास्त्राची शिफारस आहे.